विरजलेल्या दुधांतील प्रथिनांचे तुकडे

दूध विरजलें म्हणजे केवळ त्याची चव पालटते असें नव्हे. विरजणांतील जंतु केसीन या प्रथिनाचे लहान लहान तुकडेहि करितात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिच्यांतून तुटलेल्या थोड्या मण्यांच्या सरास पेप्टाइड म्हणतात. जपानांत विशिष्ट जंतु व यीस्ट यांनीं आंबविलेल्या दुधांतून १९९५ सालीं नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे दोन सर वेगळे केले. प्रत्येकांत मणी अवघे तीन! रक्तवाहिन्या आवळणारें द्रव्य शरीरांत ज्या एन्झाइमामुळें सिद्ध होतें, त्याच्या कामांत हे सर अडथळा आणितात. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हें औषधहि त्याच एन्झाइमास रोखतें; आणि मौज ही, कीं त्या औषधाचा माग ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषांतील पेप्टाइडांवरून लागला.

मग रोग्यानें गोळ्या टाकून ताक प्यावें काय? मुळींच नाहीं. जपानी प्रयोगांत रक्तदाब कांहींसा उतरलेला आढळला. युरोपांत परिणाम त्याहूनहि कमी भरला. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०११ सालीं या तुकड्यांचा व रक्तदाबाचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाहीं, असा अभिप्राय दिला. घरच्या विरजणांतील जंतु तर निराळेच. त्यांत हे सर तितक्याच प्रमाणांत असतील, असें गृहीत धरतां येत नाहीं. त्यांतून ताकांत मुठीनें मीठ पडलें, तर तें पथ्य कसलें!