न वितळता नवी होणारी चांदी

विजेच्या वायरमधली तांब्याची जाड तार घ्या. वरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून टाका आणि तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहा. पहिल्यांदा ती सहज वाकते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोटांना जोर लावावा लागतो. मग आधी वाकवलेली जागा दादच देत नाही, तार तिच्या शेजारी वाकते. आता ते टोक पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लालसर होऊ द्या आणि पाण्यात बुडवा. चर्र आवाज होतो, वरची काळी पुटं सुटतात आणि मघाशी हटून बसलेली तार करंगळीनेही वळते.

तांबं वितळलं नाही, त्यात काही मिसळलंही नाही. मग तो ताठरपणा गेला कुठे?

दागिने घडवण्याची सारी कारागिरी या प्रश्नावर उभी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजणाला तार लागते आणि तार बारीक करायला जंतर, म्हणजे उतरत्या मापाची भोकं असलेली पोलादी पट्टी. एकेका भोकातून ओढली की तार लांब आणि बारीक होते, पण भोकागणिक कडकही होत जाते. तशीच ओढत राहिलं तर तुटते. म्हणून कारागीर मध्येच थांबून ती तावून घेतो आणि पुन्हा ओढायला लागतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडवणाऱ्यांची रीतही हीच: ठोकायचं, तावायचं, पुन्हा ठोकायचं. धातुशास्त्रात या तावण्याला अनुशीतन म्हणतात.

ताठरपणाचं मूळ धातूच्या रचनेत आहे. चांदी, सोनं, तांबं हे सगळे स्फटिकांचे बनलेले असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या बादलीवर वेड्यावाकड्या तुकड्यांची चमचमती नक्षी दिसते ना, तो प्रत्येक तुकडा म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक. दागिन्याच्या धातूतले स्फटिक इतके बारीक असतात की ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. प्रत्येक स्फटिकात अणू शिस्तीत रांगा लावून बसलेले असतात.

धातू वाकतो तेव्हा या रांगा एकमेकींवरून सरकतात. पण एक अख्खी रांग एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला, तेव्हा उत्तर प्रत्यक्षाच्या हजारो पट आलं. त्या हिशेबाने चांदीची तार हाताने वाकायलाच नको होती. हे कोडं १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सोडवलं. स्फटिकांच्या शिस्तीत मुळातच चुका असतात. कुठे एखादी रांग अर्ध्यावरच संपलेली असते. या चुकीला डिसलोकेशन म्हणतात.

लग्नघरातली भलीमोठी जाजम आठवा. ती एकदम ओढून हलत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली की सबंध जाजम थोडी सरकते. डिसलोकेशन ही धातूतली सुरकुती. ती सरकली की धातू वाकतो. आपण सोन्याचांदीला मऊ म्हणतो ते त्यांच्यात या चुका आहेत म्हणून!

मात्र ठोकताना, ओढताना नव्या सुरकुत्या जन्मतात, आडव्यातिडव्या धावतात आणि एकमेकींत अडकतात. एक तोळा चांदी आकाराने जेमतेम एक घन सेंटिमीटर भरते. मऊ धातूच्या एवढ्याशा तुकड्यात या सगळ्या चुकांच्या रेषा जोडल्या तर त्यांची लांबी दहा ते हजार किलोमीटर भरेल. तोच तुकडा जबर ठोकला की ती दहा लाख ते एक कोटी किलोमीटरवर जाते. एक कोटी किलोमीटर म्हणजे चंद्रावर जाऊन येण्याच्या डझनभर फेऱ्या, आणि त्या एका तोळ्यात मावलेल्या! एवढ्या गुंत्यात कुठलीच रेषा हलू शकत नाही. धातू कडक होतो, आणि तरीही जोर लावला तर तुटतो.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. तार वाकवताना ती जागा कोमट लागते, कारण आपली बरीचशी मेहनत उष्णता होऊन निघून जाते. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये हे मोजलं, तेव्हा सुमारे दहावा हिस्सा मात्र धातूतच राहतो असं दिसलं. तो त्या गुंत्यात साठलेला असतो. तावल्यावर अणूंना हलायला मोकळीक मिळते, आणि साठलेली हीच ऊर्जा कामाला लागते. गुंत्याच्या आतच नवे, निर्मळ स्फटिक उगवतात आणि जुन्यांना गिळत वाढतात. काही क्षणांत धातूची आतली रचना नव्याने उभी राहते, आणि बाहेरून तार आहे तशीच असते. आग फक्त मुभा देते. नवं होण्याचं बळ हातोडीने आधीच आत भरून ठेवलेलं असतं. म्हणून जास्त ठोकलेला धातू कमी तापमानावरही मऊ होतो. शिशाला तर आपल्या घरातली ऊबच पुरते. ते कितीही ठोका, कडक होत नाही.

आच किती द्यायची, हे कारागीर रंगावरून ओळखतो. तापवलेला कुठलाही घन पदार्थ ५२५ अंश सेल्सिअसच्या आसपास अंधूक लाल दिसू लागतो, हे जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये नोंदवलं. ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी तावायला ६०० ते ६५० अंश लागतात, म्हणजे जेमतेम लाली. ती भर उन्हात दिसतच नाही, म्हणून तावायचं काम सावलीत करतात. आच लांबली तर नवे स्फटिक फार मोठे होतात आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग खडबडीत होतो. आणखी वाढली तर ८०० अंशांच्या आसपास ही चांदी वितळूच लागते. तावल्यावर ती पाण्यात बुडवतात. लालभडक पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, चांदी मात्र मऊच राहते. उलट सावकाश निवू दिली तर तिच्यात मिसळलेलं तांबं बारीक कणांनी वेगळं होतं आणि तिला कडक करतं.

ही विद्या किती जुनी असावी? तुर्कस्तानात आशिक्ली ह्योयुक या ठिकाणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे मणी मिळाले आहेत. निसर्गात सापडलेलं तांबं ठोकून त्याचा पत्रा केलेला आणि तो गुंडाळून मणी वळलेले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात तावल्याच्या खुणा दिसल्या. त्या वस्तीत अजून मातीची भांडी भाजत नव्हते, खनिजातून धातू गाळणं तर फार दूरचं. पण रुसलेल्या तांब्याला आगीने वळवता येतं हे त्या माणसांना उमगलेलं होतं. सरकणारी डिसलोकेशन्स माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १९५६ मध्ये, केंब्रिजमध्ये, ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

दागिना घडतो तो मऊपणामुळे, टिकतो मात्र कडकपणामुळे. सांध्याला डाग देताना पैंजण पुन्हा तापतं आणि मऊ पडतं. तसंच पायात घातलं तर कडी चार दिवसांत उघडी पडेल. म्हणून जाणता कारागीर थोडं काम मुद्दाम शेवटाला राखतो: कडीच्या तारेला एक पीळ, ऐरणीवर हलके ठोके, ओप देताना जरा दाब. जो गुंता वाढला म्हणून जंतरात तार तुटत होती, तोच आता बेताने आत सोडला की कडी आकार धरून बसते. आत एकही चूक नसती तर चांदी हाताला वळली नसती, आणि चुका अति झाल्या असत्या तर ती तुटली असती. या दोहोंमध्ये नेमकं कुठे थांबायचं ते ओळखणं, हेच खरं सोनारकाम.