श्रद्धेचीं पांच वर्षें

रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ६ डिसेंबर १८६१ रोजीं नारायण वामन टिळक जन्मले. 'फुलांमुलांचे कवि' म्हणून मराठी घरांस ते परिचित आहेत. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचें धैर्य म्हणजे काय, हें पाहावयाचें तर त्यांच्या कवितेपेक्षां १८९५ ते १९०० हीं पांच वर्षें पाहावीं, आणि तींहि त्यांच्या एकट्याचीं नव्हेत.

१८८० मध्यें नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका टिळकांच्या घरीं आली व लक्ष्मी झाली. तिच्या माहेरीं वडिलांचें सोवळें मोठें कडक होतें. बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत येत नसे. ज्या मुलीचें बालपण असें गेलें, तिच्या पतीनें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला! आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें दिलेल्या नव्या करारापासून या पालटाची सुरुवात झाली असें सांगतात. तें खरेंच आहे. मात्र जातिभेदाविषयीं असमाधान टिळकांच्या मनांत त्यापूर्वींच घर करून होतें.

सरकारी कायद्याचें संरक्षण अशा माणसास होतें. १८५० च्या कायद्यानें धर्मांतरितांचा वारसाहक्क बुडत नसे. परंतु पंगत, पाणवठा आणि बहिणभावांचा उंबरठा कोणता कायदा परत देणार? १८६६ चा दुसरा एक कायदा तर याहून विलक्षण होता. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याच्या धर्मांतरामुळें जोडीदारानें टाकल्यास, न्यायालयांत जाऊन विवाहबंधन तोडून घेण्याची सोय त्यांत होती. टिळकांनीं त्या वाटेस पाऊल टाकलें नाहीं. ते थांबले.

थांबणें लक्ष्मीबाईंच्याहि वांट्यास आलें, आणि तें अधिक बिकट होतें. पति हयात, पण लोकांच्या दृष्टीनें गेल्यांत जमा, पदरीं देवदत्त हा लहान मुलगा, आश्रय आप्तांचा. कांहीं काळ त्या पंढरपुरास राहिल्या. पुढें टिळकांकडे आल्या त्याहि आपली चूल आणि आपलें पाणी निराळें ठेवूनच. पतीनें मत बदललें म्हणून आपलेंहि बदलावें, हा सोपा मार्ग त्यांस मानवला नाहीं. जातिभेद ईश्वरानें केले नसून माणसांनीं केले आहेत, एवढें प्रथम त्यांच्या बुद्धीस पटलें. तेव्हां सोवळें सुटलें. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर आला. १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो दुष्काळाचा काळ होता; पोरक्या मुलांना त्यांच्या घरांत आसरा मिळूं लागला. ज्या हातांनीं एके काळीं दुसऱ्याचा स्पर्श टाळला, त्याच हातांनीं आतां कोणाचीं कोण मुलें न्हाऊंमाखूं घातलीं. श्रद्धेची परीक्षा पाहणाऱ्यानें व्याख्यानांपेक्षां अशा न्हाणीघरांत डोकावावें.

टिळकांनाहि स्वस्थता लाभली नाहीं. परकीय मिशनच्या चौकटीबाहेर, देशी पद्धतीची ख्रिस्तभक्ति रुजावी या ओढीनें १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' उभारण्याचा यत्न आरंभिला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. त्यांच्या मागें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य अर्धवट राहिलें; किंबहुना अर्धेंहि झालें नव्हतें. लग्नानंतर पतीजवळ अक्षरें गिरविलेल्या लक्ष्मीबाईंनीं उरलेला बहुतेक भाग रचला, आणि त्याच सुमारास 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. १९३६ मध्यें त्या वारल्या; 'ख्रिस्तायन' छापून निघालें तें १९३८ मध्यें.