मूत्रपिंडाच्या तंतुमयतेची प्राणी-प्रारूपे

मूत्रपिंडाच्या तंतुमयतेची प्राणी-प्रारूपे म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये निर्माण केलेल्या रोगावस्था होत. मानवात हा विकार वर्षानुवर्षे लक्षणांविना वाढतो. त्यामुळे त्याचे आरंभीचे टप्पे पाहण्यासाठी प्रामुख्याने उंदरांचा उपयोग होतो.

'''प्रक्रिया'''

इजेनंतर मायोफायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन निर्माण करतात. इजा चालू राहिल्यास ही दुरुस्ती थांबत नाही. कोलॅजेन साठत जाते आणि कार्यक्षम नेफ्रॉनांची जागा तंतुमय ऊती घेते.

'''प्रमुख प्रारूपे'''

* '''मूत्रवाहिनी-अवरोध:''' एका बाजूची मूत्रवाहिनी बांधल्यास एक-दोन आठवड्यांत तंतुमयता दिसते. मात्र दुसरे मूत्रपिंड कार्यरत राहत असल्याने रक्तातील क्रिएटिनीन फारसे वाढत नाही.
* '''अवशिष्ट मूत्रपिंड:''' एकूण मूत्रपिंड-ऊतीचा पाच-षष्ठांश भाग काढला जातो. उरलेल्या नेफ्रॉनांवर अतिरिक्त भार पडून तेही क्रमाने निकामी होतात.
* '''अॅडेनीनयुक्त आहार:''' अॅडेनीनपासून बनणाऱ्या पदार्थाचे स्फटिक मूत्रनलिकांत साचतात. यात शस्त्रक्रिया लागत नाही.
* '''जनुकीय प्रारूप:''' कोलॅजेनचे विशिष्ट जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांत अल्पोर्ट विकारासारखी अवस्था उद्भवते.

'''उपयुक्तता आणि मर्यादा'''

अवशिष्ट मूत्रपिंडाच्या प्रयोगांत एनालाप्रिलने नेफ्रॉनांवरील दाब घटून हानी मंदावल्याचे १९८५ मध्ये दिसून आले. त्याच गटातील कॅप्टोप्रिल मधुमेही रुग्णांतील मूत्रपिंडविकाराची वाढ रोखते, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. असे यश विरळाच. उंदरांत तंतुमयता कमी करणारी अनेक द्रव्ये मानवात निष्प्रभ ठरली आहेत. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व अन्यथा निरोगी असतो; रुग्णाला मात्र वय, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचीही जोड असते. काही उंदीर-वाणांत तर अवशिष्ट मूत्रपिंडातही तंतुमयता फारशी होत नाही.

'''भारतीय संदर्भ'''

विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, तसेच आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी दीर्घकाळ चर्चेत आहेत. अशा ठिकाणी पाणी, उष्णता, रसायने असे अनेक संशयित घटक एकत्र नांदतात. प्राणी-प्रारूपात एकेक घटक वेगळा करून तपासता येतो. परंतु एखादा घटक मूत्रपिंडाला इजा करू शकतो एवढेच त्यातून कळते. त्या गावातील आजाराचे कारण तोच आहे, हे ठरवण्यासाठी लोकसंख्येचा अभ्यास आवश्यक असतो.

भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या चौकटीत होतात आणि त्यांना संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते.