टँगचा शेवटचा टॉर्पेडो

मागच्या वेळी आपण कर्म आणि कर्ता यांविषयी बोललो. आज एक उदाहरण घेऊ. ‘टँग’ ही अमेरिकेची पाणबुडी, कमांडर रिचर्ड ओकेन. १९४४ मध्ये पाच मोहिमांत तिनं विसाहून अधिक जपानी जहाजं बुडवली. २५ ऑक्टोबरच्या पहाटे, फोर्मोसाच्या सामुद्रधुनीत, तिनं चोविसावा, म्हणजे शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो भरकटला, गोल फिरला आणि तिच्याच शेपटीवर आदळला. ८७ पैकी ७८ जण गेले.

आता, याला कर्मफळ म्हणायचा मोह आपल्याला होतो. आवरू या तो. बिघडलेल्या यंत्राला न्याय-अन्याय कळत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे बघा. वाचलेल्या नऊ जणांना जपानी जहाजानं पाण्यातून काढलं आणि तिथं त्यांना मारहाण झाली. मारणारे कोण? टँगनंच बुडवलेल्या जहाजांवरचे, भाजलेले, जायबंदी झालेले लोक. ओकेन यांनी नंतर अहवालात नोंदवलं, की हे कळल्यावर तो मार आम्ही कमी आकसानं सोसू शकलो. मार तेवढाच होता, हं. तो योग्य होता, असंही ते म्हणत नाहीत.