कूलंट मुरतं कुठं?

मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. रावपुऱ्याच्या गर्दीत पहिल्या गिअरवर रेंगाळणाऱ्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. टाकीतलं कूलंट घटलेलं, गाडीखाली मात्र थेंबही नाही.

संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलवर.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर ही लक्षणं. पण थंडीत छोट्या फेऱ्यांनीही साय धरते. म्हणून मेकॅनिक रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतो. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये घुसत असेल, तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा पडतो.

निळाच राहिला, तर इंजिन थंड असताना कूलंटच्या मार्गात हातपंपाने दाब देतात. पंपावरचा दाबाचा काटा उतरला, स्पार्क प्लग ओला निघाला, की कोणता सिलिंडर गळतोय तेही कळतं.