हातच्या हुन्नराला कागदाची जोड

कर्जत-खालापूरकडील गॅरेजांत आपली मुले उस्तादाच्या हाताखाली काम शिकतात, आणि चांगले शिकतात. पण खोपोलीच्या कारखान्यात गेले की पहिला सवाल सर्टिफिकेटचा!

म्हणून दहावीनंतरच्या एका वाटेकडे आम्ही पालकांचे लक्ष वेधू इच्छितो. राज्यातील ज्युनिअर कॉलेजांत १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजेच एम.सी.व्ही.सी., सुरू झाले. पुढे त्यांना एच.एस.सी. व्होकेशनल म्हणू लागले. दोन वर्षांत बारावी होते, शिवाय वाहनदुरुस्ती, वीजकाम किंवा हिशेबाचे काम हाती येते. बारावीनंतर वर्षभर विद्यावेतनावर कारखान्यात उमेदवारी करता येते. शिकाऊ उमेदवार कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने ही सोय दिली, मात्र कित्येक घरांत तिची खबरच नाही.

धंदेवाल्यांनीही ध्यानात घ्यावे. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे. ४ ते २९ माणसे असतील तर मर्जीचे. मग मोहल्ल्यातलाच होतकरू मुलगा का घेऊ नये?

प्रवेशापूर्वी कॉलेजात तो विभाग अजून चालू आहे का, याची खात्री करावी आणि वर्कशॉप स्वतः पाहावे. सोबत एखादा जाणता मिस्त्री न्यावा. यंत्र रोज चालते की धूळ खाते, हे त्याला दारातूनच कळते.