सभासदांचा क्लब आणि त्याचे शास्त्र

बुलढाण्यात किंवा खामगावात काही मंडळींनी बॅडमिंटन हॉल, वाचनखोली आणि चहापाण्याची सोय असलेला क्लब काढायचे ठरवले, तर आधी ठरवावे लागते मालक कोण. हॉटेलात ग्राहक आणि मालक वेगळे; सभासदांच्या क्लबात दोन्ही एकच. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ पासून सभासदांच्याच बळावर उभा आहे.

अमेरिकेत क्लब व्यवस्थापकांची संघटना १९२७ साली स्थापन झाली आणि क्लब व्यवस्थापन हा विषय विद्यापीठांतही शिकवला जातो. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग हिशेबाचा, असे मला वाटते. वर्गणीतून खर्च वजा जाता शिल्लक राहिली, तर तो नफा ठरत नाही, कारण माणूस स्वतःकडूनच नफा कमावू शकत नाही. मात्र हे सूत्र बाहेरच्या पैशाला लागू नाही. बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर आयकर लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंगलोर क्लबच्या खटल्यात ठरवले. २०१९ मध्ये मात्र क्लब आणि सभासद एकच, हे सूत्र मान्य होऊन कलकत्ता क्लबच्या बाजूने निकाल लागला. पण २०२१ च्या वित्त कायद्याने जुलै २०१७ पासूनच्या व्यवहारांसाठी जीएसटीत क्लब आणि सभासद वेगळे मानले.

तेव्हा लग्नासाठी हॉल बाहेरच्यांना भाड्याने देणार असाल, तर त्या पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वर्गणीपासून वेगळा ठेवा.